आयर्विनला किती झालं?

"काकू, सातारा असेल तर एक भाडं, सांगली असेल तर दुसरं. आधी गाव नक्की करा, मग बोलू," टेम्पोवाला म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघूनही गेला. मी पाचगणीच्या बाजारात हातातल्या पिशव्यांसकट उभीच राहिले. शाळेची खोली मेअखेर सोडायची, हे ह्यांची निवृत्ती ठरली तेव्हापासून माहीत होतं. घरी बोलणंही रोज व्हायचं. पण त्या मुलानं जितकं सरळ विचारलं, तितकं सरळ आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं.

ह्यांचं मत साताऱ्याकडं. कारणंही खरीच आहेत. इथून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे कधी जीव घाबरा झाला तर सकाळी निघून दुपारी टेबललँडवर उभं राहता येईल. पुण्याची लेक जवळ. उन्हाळा सोसण्याजोगा. शिवाय सातारा माझं माहेर. मोती चौकातून घरी जाताना अजिंक्यतारा सतत डोक्यावर असायचा, आणि नळाला कासचं पाणी. बाहेरगावचा पाहुणा पेला रिकामा करून "पाणी गोड आहे हो" म्हणाला की आजी मान ताठ करायची. कंदी पेढ्यांची पुडी आणि ही मान, एवढ्यावर आमचं गाव श्रीमंत होतं.

पण ते घर विकलं. आई-वडील गेले. गेल्या खेपेला पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालत गेले, वाटेत ओळखीचं एकही माणूस भेटलं नाही. माहेर गावाचं नसतं, माणसांचं असतं, हे मला ह्यांना नीट सांगता आलेलं नाही.

पाचगणीत राहिलं की निघून जाण्याची सवय अंगात मुरते. हे गाव वसलंच मुळी निवडीतून. महाबळेश्वरचा पावसाळा साहेबलोकांना झेपेना, म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसन दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या मधली ही जागा धरून बसला. त्यानं सिल्व्हर ओक लावले, आणि तो इथंच मातीत गेला. मग १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सुरू केलं. क्षयाचे रोगी हवेसाठी येऊ लागले. शाळांमधली पोरं पाचवी-सहावीला रडत येतात आणि दहावीला रडत जातात. मूळची माणसं गोडवली-खिंगरची. आम्ही बाकीचे ऋतूपुरते, फक्त आमचा ऋतू जरा लांबला.

सांगलीत माझी धाकटी बहीण आहे. गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो. इथं पाऊस आठवडाभर एका लयीत पडत होता. शाळेच्या व्हरांड्यात मुलांचे कपडे वाळेनात, पसरणी घाटात दरड आली की नाही याची रोज चौकशी. आणि दर तासा-दोन तासांनी तिचा फोन.

"ताई, तुमच्याकडं थांबला का गं?"

"नाही."

"इथं आयर्विनला पंचेचाळीस झालं."

आयर्विन म्हणजे सांगलीचा १९२९ सालचा पूल. त्याच्यावर फुटांच्या खुणा आहेत. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. सांगलीतल्या जुन्या माणसांना आपलं घर फुटांत माहीत असतं. किती झालं की चौकात, किती झालं की गल्लीत, किती झालं की जोत्यावर. बहिणीच्या बैठकीच्या खोलीत २००५ च्या पाण्याची पेन्सिलीची रेघ होती. सासऱ्यांनी स्वतः ओढलेली. पाणी याच्यावर जायचं नाही, या भरवशावर चौदा वर्षं घर मांडलेलं. रेघेच्या वर टीव्ही, वर कागदपत्रं, वर सासूबाईंची पोथी.

मी कोरड्या घरात बसून तिला पाऊस सांगत होते आणि ती मला फूट सांगत होती. मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं, की मी जिथं राहते ते नदीचं वरचं टोक आहे. नकाशावर हे लहानपणीच शिकले होते. कृष्णा जुन्या महाबळेश्वरला उगम पावते, धोममध्ये थांबते, वाईच्या घाटांना लागून माहुलीला येते, कऱ्हाडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क. पण आमच्या डोंगराच्या दोन्ही अंगांनी उतरणारं पाणी शेवटी कुणाच्या तरी उंबऱ्याशी जातं, हे मी कधी मनाशी धरलंच नव्हतं. सांगलीत वर्षाला पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. तिथला पूर तिथल्या आभाळातून येतच नाही. कोयना, वारणा, धरणांच्या खालचे ओढे आणि आमचा वाटा, असं सगळं मिळून तो येतो.

"ताई, टिळक चौकात आलं." मग, "मारुती चौकात होड्या आल्यात." मग, "आम्ही वरच्या मजल्यावर." मग बराच वेळ काहीच नाही. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा माझ्या हातातून भांडं पडलं. ब्रह्मनाळ तिच्यापासून लांब, मला ठाऊक होतं. तरी बोट हा शब्द ऐकल्यावर मन नकाशा बघत नाही. पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पेन्सिलीची रेघ बुडाली, टीव्ही बुडाला. पोथी सासूबाईंनी पोटाशी धरून ठेवली होती.

नंतर वाद रंगले. अलमट्टीमुळं का कोयनेमुळं, धरणांची दारं आधी उघडायला हवी होती का नंतर. मला त्यातलं थोडंच कळतं. पण नदीच्या पूररेषेत भराव टाकून इमारती उभ्या राहतात हे मला उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि त्याचा मला राग येतो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पडला. सांगलीचं अख्खं वर्ष एका दिवसात. पुन्हा फोन, पुन्हा फूट.

हे म्हणतात, "अगं, ज्या गावात पाणी शिरतं तिथं म्हातारपणी जायचं? सगळे तिथून बाहेर पडायचं बघतात."

पण बाहेर पडत नाहीत. पूर ओसरला, बहिणीनं चिखल काढला, भिंती धुतल्या आणि गणेशोत्सवात आरास केली. सांगली हे गावच असल्या हट्टातून झालेलं आहे. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेत चुलत्याशी बिनसलं म्हणून गणपती घेऊन निघाले आणि नदीकाठच्या लहानशा गावात येऊन बसले. भरभक्कम किल्ल्याची मिरज सोडून! कुणीही सुज्ञ माणसानं त्यांना अडवलं असतं. त्यांच्याच आश्रयानं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. मला नाटक प्यारं आहे, आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून जाताना तार जुळवल्याचा आवाज कानावर पडावा ही माझी फार जुनी इच्छा आहे. साताऱ्याची हवा चांगली, मान्य. पण हवेवर मी इतकी वर्षं काढली. आता मला माणसांचा गलका हवा आहे, हरभट रोडची गर्दी हवी आहे, भडंगाच्या पुड्याभोवती रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा हव्या आहेत.

उलट वाटेनं गेलेलेही आहेत. भाऊराव पाटील जन्मले कुंभोजला, घराणं ऐतवड्याचं, शिक्षणसंस्था काढली काल्याला १९१९ मध्ये आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. हे मला हाच दाखला देतात. मी म्हणते, भाऊरावांना हजारो मुलं शिकवायची होती, म्हणून त्यांनी मधलं गाव धरलं. मला एका बहिणीचा फोन उचलायचा आहे, आणि तो मी डोंगरावरून पुरेसा उचलला.

हे गेल्या रविवारी कबूल झाले. घर विश्रामबागेत बघितलंय, नदीपासून लांब, दुसऱ्या मजल्यावर. खोल्या तीनच आहेत. त्यातली एक जुलै-ऑगस्टात बहिणीच्या घरच्यांसाठी मोकळी राहील.