डिस्प्ले येत नाही

घरातला कॉम्प्युटर 'बंद पडला' असं कोणी सांगितलं, की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की स्क्रीनवर काही दिसत नाही. दुकानात याला 'नो डिस्प्ले' म्हणतात. दुकानदार डबा उघडतो, रॅम काढतो, खोडरबराने घासतो, परत बसवतो. चाललं तर दोनशे रुपये घेतो. नाही चाललं तर मान हलवून 'मदरबोर्ड गेला साहेब' म्हणतो. (रबराची चेष्टा करत नाहीये हं! आपल्या पावसाळी हवेत रॅमच्या पट्टीच्या कडेला मळ बसतो आणि रबराने तो खरंच निघतो.) पण रबर आणि मदरबोर्ड या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही असतं. आजचा लेख त्याबद्दल.

आमच्याकडे एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे फार मोठं काही डोळ्यासमोर आणू नका. २००९ साली असेंबल केलेला, कोअर टू ड्युओच्या जमान्यातला डेस्कटॉप, म्हातारपणी बढती मिळालेला. आत लिनक्स आणि सहा डिस्का. बोर्डावर साटाची चारच कनेक्शनं, म्हणून उरलेल्या दोन डिस्कांसाठी एक वेगळं साटा कार्ड घातलंय. ते कार्ड ज्यात बसेल असा मोकळा स्लॉट एकच होता, ग्राफिक्स कार्डाचा लांब स्लॉट. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माऊस नाही. कपाटावर राउटरच्या शेजारी पडून असतो. घरात त्याला 'पेटारा' म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे, कारण घरातलं जे जे म्हणून जपून ठेवायचं ते सगळं त्यात जातं.

पेटाऱ्याची एक प्रत नाशिकला भावाकडे असते. दर महिन्याच्या एक तारखेला रात्री आपोआप जाते. पण गेल्या महिन्याच्या मधल्या दोन आठवड्यांत मी एक काम केलं होतं. आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मावशीने फार वर्षांपूर्वी टेप करून ठेवल्या होत्या. नव्वद मिनिटांच्या अकरा कॅसेटी. बुरशी आलेल्या. प्रत्येक कॅसेट जेमतेम एकदा वाजली. दोन तर शेवटाकडे चिकटून तुटल्याच. म्हणजे त्या ओव्या आता कॅसेटीत नाहीत, नाशिकला अजून गेलेल्या नाहीत, आहेत त्या फक्त पेटाऱ्यात. आणि नेमकं तेव्हाच..

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. त्या गुरुवारी वीज पाच तास नव्हती. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला, मग ठरल्याप्रमाणे पेटाऱ्याला इशारा दिला, पेटारा शहाण्यासारखा शटडाऊन झाला. इथपर्यंत सगळं ठीक. वीज आली, पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, पण नेटवर्कवर पेटारा काही उगवेना. माळ्यावरचा जुना मॉनिटर आणून जोडला. काळाकुट्ट. मधोमध 'नो सिग्नल'.

"गेला वाटतं तुझा पेटारा," बायको म्हणाली. आणि मग जरा थांबून, "अरे, ओव्या?"

अशा वेळी हात सगळ्यात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. दाबून धर, बंद कर, परत चालू कर. पाचदा, दहादा. हे टाळायला हवं. बटण चारेक सेकंद दाबून धरलं की वीज थेट कापली जाते, मग मशीन त्या वेळी काहीही करत असो. पडदा काळा आहे म्हणजे आत काही चाललेलं नाही, असं कोणी सांगितलं? कदाचित आत डिस्कवर काही लिहिणं चालू असेल. आपल्याला दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.

तेव्हा नियम साधा ठेवला. मशीनला प्रश्न विचारायचे. ज्या प्रश्नाने काही बिघडू शकत नाही तो आधी.

पहिला प्रश्न मॉनिटरला. तो लॅपटॉपला जोडला, चित्र आलं. केबलही तीच. म्हणजे 'नो सिग्नल' हे मॉनिटरने सांगितलेलं सरळ सत्य होतं.

दुसरा प्रश्न नेटवर्कला. राउटरच्या यादीत पेटारा नाही. पिंगला उत्तर नाही. (पिंग हा प्रोग्रॅम माईक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला. नाव पाणबुडीच्या सोनारवरून. अंधारात आवाज टाकायचा आणि प्रतिध्वनीची वाट बघायची. आज तर अगदीच शोभून दिसत होतं.)

तिसरा प्रश्न पॉवरच्या बटणालाच, पण वेगळ्या तऱ्हेने. बटण एकदाच, हलकेच दाबायचं. ऑपरेटिंग सिस्टीम चालू असेल तर ती आवराआवर करून अर्ध्या-एक मिनिटाने बंद होते. ऑपरेटिंग सिस्टीम अजून आलीच नसेल तर मशीन तिथल्या तिथे बंद पडतं. पेटारा टचकन बंद पडला. ही मला चांगली बातमी वाटली. लिनक्स सुरूच झालं नव्हतं, म्हणजे डिस्कांवर काही लिहिलंही गेलं नव्हतं. गाडी त्याच्या आधीच कुठेतरी अडली होती.

त्याच्या आधी काय असतं? चालू केल्याबरोबर बायॉस स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर, मेमरी, मग डिस्प्ले. यात गंमत अशी, की डिस्प्ले तयार व्हायच्या आधी काही बिघडलं तर ते स्क्रीनवर सांगणार कसं? म्हणून १९८१ च्या आयबीएम पीसीपासून बीपची भाषा आहे. एक छोटा बीप म्हणजे सगळं ठीक. पुढे प्रत्येक बायॉसवाल्याने आपापली बोली काढली, पण 'एक लांब, दोन छोटे' म्हणजे डिस्प्लेची तक्रार, हा आयबीएमचा संकेत बऱ्याच ठिकाणी टिकला.

अडचण एवढीच की हल्लीच काय, तेव्हाही पुष्कळ डब्यांत स्पीकर नसायचा. माझ्या भंगाराच्या खोक्यात चार पिनांचा एक बोटाएवढा स्पीकर होता. तो बोर्डावर लावला. त्याच वेळी माळ्यावरचा जुना, गोल पिनवाला कीबोर्डही जोडला. (हे मशीन बंद असताना करायचं. चालू मशीनला हा जुना कीबोर्ड जोडू नये.) चालू केलं.

पीऽऽऽप. पिप. पिप.

एक लांब, दोन छोटे! खरं सांगतो, तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं. तक्रार होती खरी, पण तक्रार करायला आत कोणीतरी शुद्धीवर होतं. प्रोसेसर चालतोय, बायॉस चालतोय, मेमरी सापडली, म्हणून तर तो डिस्प्लेपर्यंत पोचून कुरकुर करतोय. 'मदरबोर्ड गेला साहेब' हे उत्तर तिथेच बाद झालं.

आता चौथा प्रश्न. काही बोर्डं या तक्रारीनंतर थांबतात, काही कुरकुर करून पुढे जातात. आमचं कुठल्या जातीचं? कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा दिवा लागला. परत दाबलं, विझला. हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. की दाबल्याचा निरोप मशीनला जातो, आणि मशीन उलट हुकूम पाठवतं तेव्हा तो लागतो. म्हणजे अंधारात हात पुढे केला आणि पलीकडून कोणीतरी तो धरला.

म्हणजे बायॉस पुढे आला होता आणि कीबोर्डकडे लक्ष देऊन बसला होता. बसला होता म्हणजे वाट बघत होता. कशाची? पाच तास वीज नसल्यावर जुनं बोर्ड कशाची वाट बघेल, याचा अंदाज करणं अवघड नव्हतं. 'सेटिंग पुसलं गेलंय, पुढे जायला एफ-१ दाबा.' हे वाक्य तो बहुतेक लिहीतही असेल, आमच्यापर्यंत येत नव्हतं एवढंच. बिनकीबोर्डाच्या मशीनने 'कीबोर्ड सापडत नाही, एफ-१ दाबा' म्हणून अडून बसायचं, हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद आहे :-)

काळ्या पडद्याकडे बघत एफ-१ दाबलं.

डिस्कचा लाल दिवा लुकलुकायला लागला. लॅपटॉपवर पिंग लावून ठेवलं होतं. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. दिवा मात्र सारखा चालू. चार मिनिटं. बायको म्हणाली, "अडकलाय का? बंद करून बघू?" म्हटलं, दिवा हलतोय तोपर्यंत हात लावायचा नाही. (मागाहून लॉगमध्ये दिसलं. घड्याळ २००९ च्या एक जानेवारीला गेलं होतं. डिस्कवर शेवटच्या तपासणीची तारीख 'भविष्यातली' निघाली, म्हणून लिनक्स सगळी डिस्क तपासत बसलं होतं. तेव्हा वीज तोडली असती तर?) सातव्या मिनिटाला पिंगचं पहिलं उत्तर आलं. मग दुसरं. मग ओळीने.

पडदा अजून काळाच होता. तरी एसएसएचने आत शिरलो. सगळं जागच्या जागी. खरं तर इथे मूळ दोष शोधायची प्रचंड खाज असते. पण आधी माल बाहेर, मग दुरुस्ती. अकरा कॅसेटींच्या फाईली, साधारण दहा जीबी, लॅपटॉपवर ओढल्या. चार-पाच मिनिटांचं काम. एक फाईल वाजवून बघितली. आजीचा आवाज, मागे जात्याची घरघर. आम्ही दोघं ती बाजू संपेपर्यंत तिथेच उभे होतो.

मग निवांतपणे डबा उघडला. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर-२०३२, मल्टिमीटरवर १.९ व्होल्ट. हवेत ३. हा सेल बायॉसची सेटिंग आणि घड्याळ सांभाळतो, पण त्याची गरज फक्त प्लगला वीज नसते तेव्हा. मशीन बंद असलं तरी प्लगमधून थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि तीच हे काम करते. आमचा पेटारा कायम वीजेवर. सेल कधी संपला ते कळायला वावच नव्हता. पाच तासांची पहिलीच लांब सुट्टी झाली आणि तो उघडा पडला.

सेटिंग पुसलं गेलं हे समजलं, पण त्याने डिस्प्ले का जावा? त्याचं उत्तर त्या लांब स्लॉटात होतं. आमच्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये डिस्प्ले 'ऑटो' असतो. लांब स्लॉटात काही बसलेलं दिसलं की बोर्ड समजतं, आलं ग्राफिक्स कार्ड, आता आपण सुटलो. आणि स्वतःची व्हीजीए बंद करतं. तिथे बसलेलं कार्ड साटाचं, त्याला चित्र काढता येत नाही. मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवून गप्प. हे कार्ड बसवताना बायॉसमध्ये 'डिस्प्ले बोर्डावरचाच' असं सांगितलेलं होतं. ती एक ओळ मेलेल्या सेलबरोबर गेली.

मशीन बंद केलं, साटा कार्ड उपसून काढलं, चालू केलं. एक छोटा बीप, आणि स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत तेच वाक्य. सेटिंग पुसलंय, एफ-१ दाबा. दोन वडापावांच्या किमतीत नवा सेल आणला. डिस्प्ले बोर्डावरचा केला, कीबोर्ड नसल्यास अडून बसू नकोस असं सांगितलं, वीज आल्यावर आपोआप चालू हो असंही सांगितलं. बंद करून कार्ड परत घातलं. चित्र शाबूत.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हरला कोणी मॉनिटर लावत नाही. तिथे मशीन बंद असलं तरी नेटवर्कवरून त्याची विचारपूस करता येते. आयपीएमआय नावाची ती सोय १९९८ पासून आहे. त्याच्याही आधीपासून सिरियल पोर्ट आहे. लिनक्समध्ये या पोर्टांच्या नावात अजून 'टीटीवाय' असतं, म्हणजे टेलिटाईपरायटर. पडदे यायच्या आधी कॉम्प्युटर कागदावर टाईप करून बोलायचे, ती सवय अजून शाबूत आहे. पेटाऱ्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा पोर्ट होताच. शनिवारी तापकीर गल्लीतून नल मोडेम केबल आणली आणि लिनक्सला सांगितलं की जे बोलायचं ते इथेही बोल. आता यूएसबीचा ॲडॅप्टर लावून लॅपटॉपवर बूटचा अक्षर न् अक्षर दिसतो. बायॉसचा भाग त्यात येत नाही, त्याच्यासाठी तो बोटाएवढा स्पीकर कायमचा आत ठेवलाय.

आणि एक कागद. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय, बायकोच्या अक्षरात, म्हणजे मी गावाला असलो तरी चालेल:

१. बटण दाबून धरायचं नाही. डिस्कचा दिवा हलत असेल तर चहा करून घ्या.
२. बीप मोजा. एक छोटा म्हणजे ठीक. एक लांब दोन छोटे म्हणजे डिस्प्ले.
३. कॅप्स लॉक. दिवा लागला तर आत माणूस आहे.
४. एफ-१ दाबून दहा मिनिटं थांबा.
५. आधी फाईली काढा. मग स्क्रू.
६. सेल बदलल्याची तारीख: ________

सहाव्या ओळीपुढे तारीख टाकली आहे. खाली बरीच जागा सोडली आहे.

ओव्या नाशिकला पोचल्या. या वेळी एक तारखेची वाट बघितली नाही.