शून्य ते शंभर

आमच्या डोंबिवलीत वेग ही वस्तू रेल्वेच्या मालकीची आहे. इथे 'फास्ट' हे विशेषण नसून नाम आहे. 'फास्ट गेली', 'फास्ट चुकली', 'फास्टमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती' या वाक्यांवरच इथली मुले बोलायला शिकतात. 16 एप्रिल 1853 रोजी साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली चौदा डब्यांची गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. अशा मार्गावर नांदणाऱ्या माणसाला मोटारीच्या वेगाचे ते काय कौतुक असणार?

पण असते. आमच्या सोसायटीत ते दोन घरांत होते.

दुसऱ्या मजल्यावर पोलोवाले. त्यांच्याकडे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. चौथ्या मजल्यावर विंचूवाले. त्यांच्याकडे 2015 साली आलेली फियाटची अबार्थ पुंतो, जिच्या नाकावर विंचवाचे चिन्ह असते. पहिलीचे माहेर चाकण, दुसरीचे रांजणगाव. म्हणजे दोघीही पुणे जिल्ह्यातल्या. तेव्हा वाद मिटण्याची शक्यता मुळातच नव्हती.

वाद होता नऊ दशांश सेकंदाचा. उभ्या गाडीला ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला किती वेळ लागतो, यावर म्हणे गाडीची जात ठरते. कंपन्यांच्या हिशेबाने पोलोला 9.7 सेकंद लागत, विंचवाला 8.8. विंचवाच्या अंगात 145 घोडे, पोलोच्या 105. पण पोलोच्या पोटात दोन क्लच. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. पहिला चालू असतानाच दुसरा तयार. डोंबिवलीकराला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही. बसलेल्या माणसाला "कुठे उतरणार?" असे विचारून, कुर्ला म्हणाला की त्याच्या पुढ्यात आधीच उभे राहायचे, त्यातलाच हा प्रकार. टर्बो दोघींनाही. बाहेर पडणारा धूर जाता जाता एक चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबते. कोंबणे म्हणजे काय, हेही डोंबिवलीकराला कुणी शिकवू नये.

"तुमचा पाय क्लचवरून उठेपर्यंत माझा तिसरा गिअर पडलेला असतो," पोलोवाले म्हणायचे.

"असतो ना! पण तो गाडी पाडते. त्यात तुमचं कर्तृत्व काय?" विंचूवाल्यांचा डंख.

"भाजी घेऊन यायला दोघांनाही तेवढाच वेळ लागतो," हे विंचूवाल्या वहिनींचे मत. ते कुणी विचारात घेतले नाही.

उभी हयात गणित शिकवण्यात गेल्यामुळे पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मी कागदावर हिशेब मांडला. शंभरचा वेग गाठेपर्यंत गाडी साधारण दीडशे मीटर जाते. मग थांबायला आणखी चाळीसेक मीटर हवेत. म्हणजे गोळाबेरीज दोनशे मीटर. दोनशे मीटर मोकळा रस्ता द्या, निकाल घ्या!

आणि तिथेच परीक्षा अडली. फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे दोनशे मीटर चालायला अर्धा तास लागतो. कल्याणचा जुना पत्री पूल 2018 मध्ये पाडला आणि नवा 2021 मध्ये खुला झाला. मधल्या काळात तिथल्या माणसांनी वेग या शब्दाचा अर्थ मुलांना कोशात दाखवला. ठाण्याच्या तीन हात नाक्यावर नऊ दशांश सेकंदाला महत्त्व आहे खरे, पण दिवा हिरवा होणे आणि मागच्याने हॉर्न वाजवणे यांतले अंतर मोजायला. राहिला कल्याण-शीळ रस्ता. याच भागात प्रीमियरचा कारखाना होता आणि 1990 च्या दशकात तिथे प्यूजो 309 मोटारी बनत. आता त्या रस्त्यावर गाड्या एकामागे एक अशा उभ्या असतात, की कारखान्यातला पट्टाच बाहेर आला की काय असे वाटते. फक्त पट्टा सरकत असे.

कमाल वेगाची तर गोष्टच सोडा. दोघींचाही ताशी 190 च्या घरात. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा शंभरची. उरलेले नव्वद किलोमीटर पैठणीसारखे. घडी मोडायची नाही, मधूनमधून हात फिरवून परत ठेवायची.

आणि मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदी झाली. गच्चीवरून पाहिले तर रस्ता मोकळा! दोनशे मीटर काय, दोन किलोमीटर मोकळा! आणि खाली दोन्ही गाड्या धूळ खात उभ्या. परीक्षेचे मैदान तयार, परीक्षार्थी हजर, आणि बाहेर पडायची बंदी.

एप्रिलमध्ये एका सकाळी पोलोवाले तोंडाला रुमाल बांधून गाडी नुसती चालू करून ठेवायला खाली आले. किल्ली फिरवली. टक् टक्. बॅटरी मेली होती. ते तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी सहा फुटांवर उभा होतो.

"सर, पंचवीस वर्षं फास्टच्या दारात लटकलो," ते म्हणाले. "कधी निघायचं ते टाइमटेबल ठरवणार, कुठं थांबायचं ते मोटरमन. ही घेतली तेव्हा वाटलं, आता मनात आलं की निघायचं. तसा निघालो नाही हो कधी फारसा. पण निघता येईल, एवढं तरी होतं."

यावर काय बोलावे ते मला सुचेना. विंचूवाले जिन्यात उभे होते. तेही काही बोलले नाहीत. त्यांनी डिकीतून केबल काढल्या, आपले बॉनेट उघडले आणि तार जोडली. तार सहा फुटांहून लांब होती, त्यामुळे नियमही मोडला नाही. विंचवाच्या बॅटरीवर पोलो सुरू झाली. दहा मिनिटे दोन्ही इंजिने शेजारी शेजारी घुमत होती. काटे शून्यावर. आणि सबंध सोसायटी खिडक्यांतून तो आवाज ऐकत होती, कारण कित्येक दिवसांत कुठे जाण्याचा आवाजच कुणी ऐकला नव्हता.

फियाटने इथला गाशा केव्हाच गुंडाळला. 2022 मध्ये पोलोचेही इथले उत्पादन थांबले. आता दोघे रविवारी जोडीने सुटे भाग शोधत हिंडतात. परवा पहिल्या मजल्यावर नवे बिऱ्हाड आले, विजेवरची कोरी गाडी घेऊन. तरुण मालकाने खाली भेटताच उत्साहाने शून्य ते शंभरचा आकडा सांगायला तोंड उघडले.

दोघे एका सुरात म्हणाले, "आधी दोनशे मीटर दाखवा!"