पोराला सुरतचं पाणी बाधलेलं नाही

लिंबायत, सुरत

तीर्थस्वरूप ताईस,


फोनवर तू रडत होतीस, म्हणून मी फार बोललो नाही. आता औषधाचं दुकान बंद करून निवांत लिहितोय. "सुरतचं पाणी पोराला बाधलं, त्याला अमळनेरला पाठवून दे," असं तू म्हणालीस. पाणी बाधलं असतं तर पोट बिघडलं असतं. त्याचं तसं नाही. कामावर गेला की शिंकांवर शिंका, नाक वाहतं, डोळे चोळून लाल होतात आणि हल्ली रात्री छातीत शिट्टी वाजते. गेल्या दिवाळीत तुझ्याकडे होता तेव्हा ठणठणीत होता, हे तूच सांगितलंस. इकडे येऊन कामावर चढला आणि पुन्हा सुरू. निम्मं निदान तर तुझ्याच बोलण्यात आहे, ताई.

तो पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कलर किचनला आहे. डब्यातून रंगाची भुकटी काढायची, काट्यावर तोलायची, कालवून पुढे द्यायची, हे त्याचं काम. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतात, सुती आणि व्हिस्कोसला रिअ‍ॅक्टिव्ह. हे रिअ‍ॅक्टिव्ह रंग कपड्याच्या धाग्याला घट्ट चिकटावेत म्हणूनच बनवलेले असतात. भुकटी श्वासातून आत गेली की ते शरीरातल्या प्रथिनांनाही तसेच चिकटतात. मग काहींचं शरीर त्या जोडीला शत्रू समजून तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. ती नाकातल्या, फुप्फुसातल्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी चिमूटभर भुकटी गेली तरी त्या पेशी हिस्टामीन सोडतात. त्यानेच शिंका, खाज, सूज आणि श्वासनळी आवळणं होतं.

"दोन वर्षं त्याच जागी काम केलं, तेव्हा काही झालं नाही, आता कसं होईल?" असं भाऊजी विचारत होते. तर असंच होतं. ही तयारी आतल्या आत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. शेजारच्या कामगाराला काहीच होत नाही आणि आपल्याच पोराला का, तर त्यात घराण्याचाही भाग असतो. तुझ्या सासऱ्यांचा दमा आठव.

आणि हो, तुझ्या मानेला आणि पापण्यांना कापूस निंदायच्या दिवसांत जे उठतं, तेही याच जातीचं दुखणं. ते गाजर गवताचं. हे गवत आपल्या देशात 1950च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आज खान्देशातला एक बांध त्यावाचून राहिलेला नाही. फरक इतकाच की तुझी अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी. तिच्यात आयजीई नसतं, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थोडी कमी होते, मूळ जात नाही. पाठीवर पट्ट्या लावून तिची तपासणी करतात. ती एकदा जळगावला करून घे.

पोराने इतके दिवस काय केलं, ते मात्र ऐक. सर्दीची गोळी म्हणून जुन्या पद्धतीची अ‍ॅव्हिल घेत राहिला. शिंका थांबायच्या, पण झोप अनावर. मशीनजवळ उभ्या माणसाला असली गुंगी म्हणजे हात गमावण्याची तयारी. सेटिरिझिन त्या मानाने बरी, तरी काहींना तीही गुंगवते. फेक्सोफेनाडीन बहुतेकांना झोप आणत नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याच्या वर वापरले की उलटतात आणि नाक अधिकच चोंदतं. माझ्या काउंटरवर ते रोज मागतात आणि रोज मी वाद घालतो.

त्याला आम्ही छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. इथे नव्या सिव्हिल आणि स्मीमेर या सार्वजनिक रुग्णालयांतही छातीचा विभाग आहे, खर्चाची काळजी करू नकोस. डॉक्टरांनी फुंकायची एक नळी दिली, पीक फ्लो मीटर. जोर लावून फुंकलं की काटा सरकतो. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुटीलाही. कामाच्या दिवशी संध्याकाळी काटा 380 ला अडायचा, सुटीला 480 पर्यंत जायचा. ती वही पाहून डॉक्टरांनी कामाच्या जागेवर बोट ठेवलं. दोनशे पदार्थांच्या यादीचा महागडा रक्ताचा रिपोर्ट इथे कामाचा नव्हता. तसला रिपोर्ट वाचून लोक पोरांची डाळ, दूध, अंडी बंद करतात, हे मला अजिबात पटत नाही. खाल्ल्यावर त्रास होत नसेल तर नुसत्या कागदावरून ताट रिकामं करू नये.

उपाय म्हणशील तर नाकात स्टेरॉईडचा फवारा आणि छातीसाठी इन्हेलर. दोन्ही रोज, त्रास नसला तरी. फवाऱ्याचा गुण यायला काही दिवस लागतात आणि लोक दोन दिवसांत कंटाळतात. स्टेरॉईड म्हटलं की तू घाबरशील. फवाऱ्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो जिथे हवा तिथेच पडतो. भीती बाळगायची तर दम्यावरच्या गावठी पुड्यांची बाळग. त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉईड कुटून घातलेलं असतं. आठ दिवस जादू वाटते, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. येत्या मृगाला हैदराबादला मासळीचं औषध द्यायला न्यायचं तुझ्या मनात आहे. त्याचा दम्यावर उपयोग होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. त्या प्रवासखर्चात इन्हेलर येतात.

धूळ किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी असती तर त्याच वस्तूचे वाढत्या मात्रेचे डोस तीनेक वर्षं देण्याचा उपाय आहे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी तो 1911 मध्ये गवताच्या परागांवर करून पाहिला. पण रंगाच्या भुकटीवर तसली सोय नाही. तिथे एकच खरा उपाय, भुकटीपासून लांब जाणं. आणि लवकर जाणं, कारण वर्षानुवर्षं त्यातच राहिलं तर नंतर काम सोडूनही दमा सुटत नाही. तोंडाला रुमाल बांधून बारीक भुकटी अडत नाही.

म्हणून मी मिलच्या सुपरवायझरशी बोललो. कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात, फोल्डिंगला, जागा आहे. पगार थोडा कमी, पण तिथे भुकटी नाही. कामामुळे झालेला दमा नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे, तेव्हा डॉक्टरांचा कागद आणि ती वही मी जपून ठेवली आहे.

सुरतची हवाही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पावसाळ्यात इथल्या ओलीत गादीच्या धुळीतले किडे माजतात, तेही अ‍ॅलर्जी चाळवतात, त्याच्या खोलीवर तर एका गादीवर पाळीपाळीने माणसं झोपतात. चादरी कढत पाण्यात धुवायला सांगितलंय.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेव. औषध, इंजेक्शन किंवा मधमाशीच्या डंखानंतर अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, आवाज बसला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसू नका. 108 ला फोन करा. तिथे अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच वाचवतं, तेही मांडीत आणि वेळेवर.

आता तुझं काम. रविवारी त्याला फोन करशील तेव्हा "नोकरी सोड" म्हणू नकोस. फोल्डिंगला जा म्हण, तुझं तो ऐकतो. फवारा मारताना डोकं किंचित पुढे झुकवून नळी कानाच्या बाजूला वळवतोस का, तेही विचार. मधल्या पडद्यावर मारला तर नाकातून रक्त येतं आणि मग तो औषधच सोडून देईल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ