कोळशाच्या गावातील पहाटफेरी

नागपूरहून दक्षिणेकडे जाणारी रेल्वे वरोरा, भांदक ही स्थानके मागे टाकते आणि क्षितिजावर वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. गोंड राजांचा परकोट, जटपुरा गेट, महाकालीचे मंदिर हे चंद्रपूरचे जुने वैभव. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र ही त्याची आजची ओळख.

माझी ७२ वर्षांची मावशी येथे राहते. तिला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. ‘पहाटे पाचला फिरायला जात जा,’ हा सल्ला माझाच. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल लागोपाठ दोनदा वाढलेला आला, तेव्हा मी तिला फोनवर रागावलो होतो, ‘मावशी, गोड खातेस आणि सांगत नाहीस.’ ती गप्प राहिली होती.

गेल्या पौषात तिच्याकडे मुक्कामाला गेलो आणि पहाटे तिच्याबरोबर निघालो. दाट धुक्याला जळक्या कोळशाचा वास होता. टपऱ्यांच्या शेगड्या पेटत होत्या, कचऱ्याचा ढीग धुमसत होता, कोळशाचे ट्रक शेजारून जात होते. घरी परतल्यावर मावशीने पांढऱ्या रुमालाने चेहरा पुसला. रुमालावर काळी रेघ उमटली. ‘डॉक्टरसाहेब, तुमची आज्ञा एक दिवस मोडली नाही बघा,’ ती हसून म्हणाली. मला हसू आले नाही.

वाचकहो, रुमालावर दिसते ती जाड धूळ. तिच्यातील बरीचशी नाक आणि घसा अडवून धरतात. अधिक धोका अडीच मायक्रॉनहून लहान कणांचा. केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे हे कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे सुरू झालेल्या दाहाचे पडसाद रक्तावाटे शरीरभर उमटतात आणि चरबीही त्यातून सुटत नाही. चरबी म्हणजे केवळ साठवणीचे कोठार नव्हे. भूक आणि साखर यांवर परिणाम करणारी संप्रेरके ती स्रवते. पोटातील चरबीत दाह वाढला की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर रक्तातच रेंगाळते.

२००९ साली अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दोन गटांना सारखाच स्निग्ध आहार दिला. एका गटाला गाळलेली हवा, तर दुसऱ्याला सूक्ष्म कणांची हवा. दुसऱ्या गटाच्या चरबीत दाह अधिक आढळला आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्ली व चेन्नई येथील प्रौढांच्या दीर्घ पाहणीतही अशा कणांचा मधुमेहाशी संबंध दिसून आला.

मावशीच्या साखरेला हवाच कारणीभूत होती, असे मी म्हणणार नाही. वय, औषधांची मात्रा, झोप, आहार ही कारणे असतातच. परंतु माझ्या यादीत हवा नव्हती, आणि दोष मात्र मी तिच्या जिभेला दिला होता. त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली.

फिरणे सोडू नका; वेळ आणि वाट बदला. हिवाळ्यात रात्रभर गार हवा जमिनीलगत दबून राहते आणि वरच्या उबदार थराचे झाकण धुराला कोंडून ठेवते. ऊन चढले की ते झाकण सैल होते. म्हणून थंडीत नऊ वाजल्यानंतर, रहदारीपासून दूर फिरावे. ‘समीर’ या सरकारी ॲपवर हवेचा निर्देशांक पाहण्याचे काम नातवंडांकडे द्यावे; तो २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातच चालावे, खुर्चीवर बसून व्यायाम करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. औषधे मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नयेत.

आता मावशी साडेनऊला अंचलेश्वर मंदिराजवळ, गोंड राजांच्या समाध्यांच्या बाजूला उन्हात फिरते. औषधाची मात्राही तिच्या डॉक्टरांनी बदलली आहे. साखर उतरू लागली आहे, श्रेय कशाला किती हे सांगता यायचे नाही. आपल्या घरातील वृद्धांचा अहवाल बिघडलेला आला, तर ‘काय खाल्लेत?’ हे विचाराच. पण त्याआधी एकदा त्यांच्याबरोबर फिरून या.