पोकरचा हिशेब आणि सीएनसीचा ऑफसेट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पत्त्यांची ओळख बहुधा रमी आणि तीन पत्तीतून झालेली असते, त्यामुळे पोकर शिकू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती जुन्या सवयीचीच. तीन पत्तीत कलरपेक्षा सिक्वेन्स मोठा, कारण तीन पानांच्या २२,१०० संभाव्य हातांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६ असतात. पोकरमध्ये हात पाच पानांचा असतो, तिथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८ निघतात, म्हणून क्रम उलटतो.

यानंतर येतो पॉटचा, म्हणजे डावात सर्वांनी लावलेल्या चिपांच्या ढिगाचा हिशेब. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात. समजा, हातात दोन बदाम आहेत, उघडलेल्या चार पानांतही दोन बदाम आहेत आणि शेवटचे पान यायचे आहे; न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम उरतात, म्हणजे कलर लागण्याची शक्यता सुमारे २० टक्के. २०० चिपांच्या पॉटमध्ये समोरच्याने १०० लावल्या, तर एकूण ४०० साठी आपल्याला १०० मोजाव्या लागतात, आणि ते परवडायला २५ टक्के शक्यता हवी. पुढे आणखी काही हाती लागण्याची आशा नसेल, तर पाने टाकणेच बरोबर.

खरी कसोटी लागते ती पाने टाकल्यावर शेवटचे पान नेमके बदामाचे आले तर. नवखा खेळाडू हळहळतो आणि पुढच्या डावात न परवडणारी चाल करून बसतो. मशीन शॉपला हे दुखणे चांगलेच परिचयाचे आहे: एका जॉबचे माप किंचित सरकले म्हणून सीएनसीवर ऑफसेट बदलला, पुढचा जॉब उलट बाजूला गेला म्हणून पुन्हा बदलला, की मापांतला फरक वाढतच जातो. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण आलेख सांगतो की मर्यादेच्या आतला, ठरावीक वळण न घेणारा चढउतार हा प्रक्रियेचा स्वभाव समजावा आणि मशीनला हात लावू नये. शिफ्टभर ही शिस्त पाळणारा कुशल ऑपरेटरही पत्त्यांसमोर ती विसरू शकतो, कारण तिथे हार जिव्हारी लागते.

या शिक्षणाला पैशाची मुळीच गरज नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. चिपांच्या जागी काड्यापेटीतल्या काड्या चालतात. प्रत्येक डावानंतर दिसलेली पाने, पॉट आणि घेतलेला निर्णय वहीत उतरवावा, आणि जिंकलो की हरलो हा रकाना त्या वहीत ठेवूच नये.