घर बांधायला जागा

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण रचणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरली होती, की बांधणाऱ्यापाशी निदान जागा असतेच. आमच्या धर्मग्रामातील एका मासे विकणाऱ्या विधवेला घरकुल मंजूर झाले, तेव्हा हे गृहीत किती पोकळ आहे ते ध्यानात आले. ग्रामीण भागासाठीच्या प्रधानमंत्री आवास योजनेत, जी २०१६ साली सुरू झाली, सर्वसाधारण प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये ठरले. पण ते घरासाठी, जमिनीसाठी नव्हेत. ही बाई ज्या जागेवर आयुष्यभर राहिली, तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांपैकी काही मुंबईत, काही आखातात, तर दोघे केव्हाच दफनभूमीत विसावले आहेत. सर्व सहहिस्सेदारांची संमती येईपर्यंत तिची मंजुरी कागदावरच राहणार.

जमीन आणि घर यांचे हे कोडे आमच्या कुटुंबाला नवे नाही. माझे मामा मालवणहून मुंबईच्या गिरणीत गेले. गिरणगावातील गावकऱ्यांच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. एक कामावर गेला की दुसऱ्याची वळकटी पसरे. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि असंख्यांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडलाच नाही. मामा गावी परतले. ओटीवर बसून ते म्हणत, "गिरणी बंद पडली, पण तिच्याखालची जमीन कुठे गेली?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधे नव्हते. गिरण्यांखाली मुंबईच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन होती, आणि कित्येक गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच मालकीच्या होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक मोकळ्या मैदानांसाठी, एक म्हाडामार्फत घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची व्हावी, असे ठरले आणि लोकांचे दोन वाटे आक्रसले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. 'रिकामी' या एका शब्दाच्या अर्थावर हजारो संसारांचे छप्पर अवलंबून होते!

पुढे २८ जून २०१२ रोजी गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ मार्च २०२० रोजी आणखी ३,८९४ घरांची. अर्ज मात्र दीड लाखांहून अधिक. २०२४ साली शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कामगार आणि त्यांचे वारस मुंबईतच घर हवे म्हणून अडून बसले. काहींना तो हट्ट वाटला. मला तसे वाटत नाही. आमच्या मासे विकणाऱ्या बाईला बंदरापासून दहा मैलांवरच्या सड्यावर घर दिले, तर पहाटे लिलावाला ती पोहोचेल कशी? घर पोटापाण्याजवळ असले तरच ते घर.

आपल्या जिल्ह्यातही शासकीय जमीन आहे. पण १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि किनाऱ्यालगतची वीतभर जागाही मोलाची झाली. उलट बाजूने, गायरान सरसकट वाटून टाकावे असेही म्हणता येत नाही. सडा वरून उजाड दिसतो, पण त्यावर गुरे चरतात आणि त्यातून मुरलेल्या पाण्यावर खालच्या विहिरी जगतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, ते योग्यच होते. मात्र त्याच निकालात, शासनाने भूमिहीन मजुरांना भाडेपट्ट्याने दिलेल्या जागेचा अपवाद मानला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून मला सुचते ते इतकेच. गावठाणातील आणि त्यालगतचे वापराविना पडलेले शासकीय तुकडे ग्रामसभेने मोजावेत, त्यांची यादी चावडीवर लावावी आणि भूमिहीनांना ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावेत. मालकी गावाची राहावी, म्हणजे आज मिळालेले घरकुल उद्या पर्यटकांचे निवासस्थान होणार नाही. लेवीय ग्रंथातील जुबिलीच्या नियमामागे हाच विचार होता: जमीन कायमची विकायची नसते. २०२५ चे जुबिली वर्ष आपण मोठ्या भक्तिभावाने पाळले. त्या नियमाची आठवण किती घरांत निघाली?

शासनाकडे मागणी करायची ती करूच. पण त्या अकरा नावांपैकी जिवंत नावे कोणाची आहेत? हे त्रैमासिक मुंबईत आणि आखातात ज्या घरांत जाते, त्या घरांतीलच ती आहेत. मेच्या सुट्टीत गावी याल तेव्हा तलाठ्याकडे एक सकाळ घालवा. वारसनोंद करा आणि अशा कुणाच्या दीड गुंठ्यासाठी संमतीपत्रावर सही द्या. कुलूप लावलेल्या आपल्या घराची एक चिराही त्याने हलणार नाही, आणि पावसाळ्यापूर्वी कुणाच्या तरी घराचा पाया भरला जाईल.