पद्मिनीच्या डिकीतला ऐवज
मलकापूरसारख्या, मुंबई–नागपूर महामार्गावरील गावी जुनी प्रीमियर पद्मिनी विक्रीस निघते, तेव्हा सामान्य ग्राहक रंग आणि इंजिन पाहतो. जाणकार मात्र आधी डिकी उघडतो, कारण कारखान्यातून गाडीसोबत आलेला जॅक, चाकाचा पाना, माहितीपुस्तिका आणि व्हीलकॅप, म्हणजे चाकाच्या मध्यावरचे चकचकीत झाकण, हे सुटे सामान तिच्या अस्सलपणाची साक्ष देते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातले हे उत्पादन सुमारे पाव शतकापूर्वी थांबल्यामुळे हरवलेली मूळ वस्तू मिळणे आता भंगारबाजारातल्या नशिबावर सोडावे लागते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या आणि चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. त्यात पाना-जॅकची अट नाही, तरीही ज्या घराने जॅक जपला त्याने इंजिनही जपले असावे, हा तर्क सहसा चुकत नाही. वऱ्हाडच्या उन्हात रबर तडकते आणि कागद पिवळा पडतो, म्हणून गाडी रंगाऱ्याकडे सोडण्यापूर्वी पुस्तिका व व्हीलकॅप घरच्या कपाटात काढून ठेवावीत.